बियाला राखलेली तीन लीक

मी एक जुनी लाकडी खुंटी आहे, मित्रांनो. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. मोडलेल्या फावड्याच्या दांड्याला टोक काढून एका सुताराने मला घडवलं आणि बायकोच्या हाती दिलं. तीच माझी मालकीण. परसात लीक लावायची, एवढ्यासाठीच माझा जन्म.

लीक म्हणजे कांद्याच्या घरातलीच, पण गड्डा न धरणारी. नुसता जाड पांढरा दांडा आणि वर पात. मालकीण मला वीतभर जमिनीत खुपसायची, भोकात एकेक रोप सोडायची आणि वरून फक्त पाणी ओतायची. माती लोटायची नाही, ती हळूहळू आपोआप भरते. पंचवीस वर्षं आम्ही दोघींनी हेच केलं, सुतार गेल्यावरसुद्धा. बी तिने कधी विकत घेतलं नाही. दरवर्षी सगळ्यात जाड तीन लीक ती खायची नाही, दुसऱ्या वर्षी फुलं येऊन बी धरेपर्यंत लाल दोरी बांधून वाफ्यातच राखायची. पहिलं बी सुताराने आणलं होतं, म्हणून तिचा सगळा जीव त्यात.

यंदा डबीतलं जुनं बी उगवलंच नाही. उरली ती वाफ्यातली तीन, मधून फुलाचे कडक दांडे वर आलेली, फुलायच्या बेतात. आणि नेमकी तेव्हाच ती पायरीवरून पडली. पंधरा दिवस दवाखान्यात होती.

मग तिचा मुलगा आला. चांगला आहे हो मुलगा, तेच तर दुखणं आहे. आई घरी येणार म्हणून त्याने घर झाडलं, चादरी बदलल्या. तिला तिच्याच बागेतलं सूप करून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. तीन लीकना लाल दोरी बांधलेली दिसली, म्हणजे ती काढायला झाली असणार, असं त्याने स्वतःच ठरवलं. मुळं घट्ट होती, म्हणून त्याने मलाच खाली खुपसून ती उचकटली. मी ताठ राहिले. लाकूड आणखी काय करणार?

मला खिडकीत ठेवून त्याने आईपुढे वाटी ठेवली. दुसऱ्याच चमच्याला तिच्या दाताखाली तो कडक दांडा आला.

"लाकूड लागतंय रे," ती म्हणाली. "कुठली उपटलीस?"

"दोरीवाली. तूच खूण करून ठेवली होतीस ना? चांगली जाडजूड होती."

तिने चमचा खाली ठेवला. जरा वेळाने पुन्हा उचलला.

"हो. बरं केलंस," म्हणाली आणि वाटी संपवली.

आता तो बाजारातून रोपं आणतो. मला खुपसून भोकं पाडतो आणि लगेच माती लोटून पायाने दाबतो. ती खुर्चीत बसून बघत असते. आईने सूप कसं चाटूनपुसून खाल्लं, हे तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो, आणि ती मान हलवते. त्या वेळी मला त्याचा फार राग येतो.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायला धावाल तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. उपटून झाल्यावर विचारलंत तर ते माणूस मायेपोटी खोटं बोलेल, आणि आपण काय केलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.