क्लॅरी गोड बोलला

बिंडाराच्या पबात नवख्या माणसाला बिअर मिळण्याआधी टोमणा मिळतो. तो ग्लेनिस स्वतः देते. केस तांबडे होते तेव्हापासून ती त्या काउंटरमागे उभी आहे. आता केस पांढरे झाले, पण जीभ काही पिकली नाही.

त्या रविवारी दुपारी पबात मोजून तीन गिऱ्हाइकं होती. बाहेर असं ऊन की माश्यासुद्धा व्हरांड्याची सावली सोडत नव्हत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर डॅरिल, म्हणजे गावातला लोकरकातऱ्या, सकाळपासून ठाण मांडून होता. आणि काउंटरला टेकून उभं होतं डेन्मार्कहून आलेलं एक जोडपं. मोगेन्स निवृत्त मास्तर होता आणि बिर्गिट त्याची बायको. भाड्याची उंच चाकांची गाडी घेऊन दोघं देश बघायला निघाली होती. मोगेन्सला सगळं समजून घ्यायचं होतं. असा माणूस पाहुणा म्हणून आला की आधी करमणूक होते आणि मग डोकं उठतं.

"ए गंजके टाकी," डॅरिल ओरडला, "माझा ग्लास रिकामा दिसत नाही का तुला?"

"दिसतोय ना. तुझ्या डोक्यासारखाच आहे, म्हणून हात लावला नाही," ग्लेनिस म्हणाली आणि ग्लास भरून दिला.

मोगेन्स चपापला. "बाई, हे गृहस्थ तुमच्यावर रागावलेत का?"

"हा? छे! माझा नवरा गेला तेव्हा हा महिनाभर रोज येऊन लाकडं फोडून देत होता. रागावला असता तर मला मॅडम म्हणाला असता." ग्लेनिसने फडका खांद्यावर टाकला. हा धडा तिला पाठ होता, आणि द्यायला आवडायचाही. "हे बघा, इथे कोणी तुम्हाला म्हातारा बोकड म्हटलं तर समजा, तुम्ही त्याला आवडलात. कोणी गोड बोलायला लागलं, प्लीज न् थँक्यू सुरू झालं, की समजा बिनसलं. माणूस चिडलाय. मग चार दिवस त्याच्या वाटेला जाऊ नये."

हे बोलताना तिची नजर फळीवरच्या, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओकडे गेली, आणि सकाळपासूनचा सल पुन्हा टोचला.

क्लॅरी तिचा थोरला भाऊ. गावापासून तासाभराच्या वाटेवर त्याचं रान होतं, मेंढ्या होत्या, आणि बायको गेल्यापासून तो तिथे एकटा होता. रोज सकाळी तो रेडिओवर यायचा. "काय गं म्हातारे कोंबडे, आहेस की गेलीस?" "तुला पुरल्याशिवाय कुठली जाते मी!" एवढंच बोलणं. दर रविवारी मात्र तो जेवायला यायचा, मागच्या टेबलाशी बसायचा आणि तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत ताट चाटूनपुसून साफ करायचा.

आज सकाळी उशिरा रेडिओ खरखरला होता.

"ग्लेनिस, ऐकू येतंय का? आज जेवायला नाही जमणार मला. तू थांबू नकोस."

"अरे मेल्या, कोकरू भट्टीत आहे! आता तुझं ताट काय कुत्र्याला घालू?"

"हो, चालेल. कुत्र्याला घाल. थँक्यू, ग्लेनिस."

ग्लेनिसला तोंडात मारल्यासारखं झालं होतं. मागच्या रविवारी ती त्याला म्हणाली होती, शेरिल म्हणते ते अगदीच चूक नाही रे. शेरिल ही क्लॅरीची मुलगी, दूर टूवूंबा शहरात राहणारी. बापाने एकट्याने रानात राहू नये, मेंढ्या विकाव्या, शहरातल्या वृद्धाश्रमात यावं, हा तिचा धोशा होता. क्लॅरी तेव्हा काही बोलला नव्हता. आता बोलला, असं ग्लेनिसने धरलं. रुसलाय तर रुसू दे, मीही काही पाया पडणार नाही. असं म्हणून तिने त्याचं ताट वाढलं, झाकलं आणि भट्टीत ठेवून दिलं. कुत्र्याला कुठलं घालतेय!

"आणि कोणी घाबरलेलं असेल तर?" मोगेन्सने विचारलं.

"काय?"

"म्हणजे, आवडलं तर शिवी, चिडलं तर गोड. मग इथला माणूस घाबरला की कसं बोलतो?"

डॅरिल खो खो हसला. "घाबरत नाही, मास्तर. इथे ती पद्धतच नाही."

ग्लेनिसही हसणार होती, पण हसू ओठावरच राहिलं. क्लॅरीला घाबरलेलं तिने उभ्या आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. दोघं लहान होती. तो घरामागच्या सिमेंटच्या टाकीत पडला होता. भिंती शेवाळलेल्या, पाणी गळ्याशी. ती काठावरून वाकून बघत होती आणि खालून त्याचा आवाज आला होता, अगदी शांत, मऊ, चर्चमध्ये बोलावं तसा. "ग्लेनिस, जरा आईला बोलावतेस का? प्लीज." त्याआधी त्याने तिला प्लीज कधी म्हटलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

सकाळचा आवाज तोच होता.

तिच्या हातातला ग्लास काउंटरवर आपटला. तिने रेडिओ ओढला. "क्लॅरी! ए आळशी बोकडा, बोल!" खरखर. "क्लॅरी, थेरड्या, उत्तर दे, नाहीतर तुझी बिअर बंद!" पुन्हा खरखर.

"झोपला असेल," डॅरिल म्हणाला. पण त्याने ग्लास खाली ठेवला होता. "ग्लेन, ऐक माझं. मागच्या वेळचं विसरलीस?"

कशी विसरेल? दोन उन्हाळ्यांपूर्वी क्लॅरी दिवसभर रेडिओवर आला नाही म्हणून तिने सगळा गाव, पोलीस, वर एक विमानसुद्धा कामाला लावलं होतं. क्लॅरी सापडला तळ्याकाठच्या झाडाखाली, गळ पाण्यात सोडून घोरत पडलेला. त्या नाताळात पबातल्या लोकांनी त्याला रिबीन बांधलेली गाईची घंटा भेट दिली. बिचाऱ्याने ती रात्रभर गळ्यात घालून सगळ्यांबरोबर स्वतःचीच टिंगल केली. पण निघताना दारात हळूच म्हणाला, "पुन्हा माझ्यामागे माणसं पाठवलीस ना, तर या दारात पाऊल टाकणार नाही." आणि शेरिलने फोनवर सांगून टाकलं होतं: असं आणखी एकदा झालं, की बाबा टूवूंबाला.

"तू बोंब मारलीस आणि तो झोपलेला निघाला," डॅरिल म्हणाला, "तर त्याचं रान गेलं. तो तिथे शहरात चार दिवस जगायचा नाही."

"आणि मी गप्प बसले आणि तो झोपलेला नसला तर?"

ग्लेनिस पाहुण्यांकडे वळली. "मास्तर, तुम्हाला खरंखुरं मेंढ्यांचं रान बघायचंय का?"

मोगेन्स काही बोलण्याआधीच बिर्गिटने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

ग्लेनिसने पाण्याचे कॅन गाडीत टाकले. डॅरिलला गाडीत घेण्यात अर्थ नव्हता, सकाळपासूनची बिअर त्याच्या पोटात होती. "तू रेडिओपाशी बस," तिने बजावलं. "आणि कोणी विचारलं तर मी पाहुण्यांना फिरवायला नेलंय."

"कळलं. जा आता, गंजके टाकी."

रस्ता कसला, लाल मातीत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. बिर्गिट गाडी चालवत होती आणि ग्लेनिस "जोरात, अजून जोरात" एवढंच म्हणत होती. दर वळणाला तिला वाटे, आता तो समोरून येईल, गाडी थांबवून खिडकीत डोकं घालेल आणि म्हणेल, काय गं, पुन्हा माझी राखण करायला निघालीस? ती मनातल्या मनात उत्तरं तयार करत होती. त्याने तिच्याशी कायमचा अबोला धरला असता तरी चाललं असतं. फक्त त्याने समोरून यावं.

समोरून कोणी आलं नाही. घर उघडं होतं. चहाचा मग टेबलावर, वर मुंग्या. त्याची चारचाकी मोटारसायकल जागेवर नव्हती. तिचे माग तळ्याच्या बांधाकडे गेले होते.

मोटारसायकल बांधापलीकडे उतारावर उलटी पडली होती, चाकं वर करून. तिच्याखाली क्लॅरीचा उजवा पाय मांडीपर्यंत अडकला होता. हॅट कुठेतरी उडून गेली होती. तोंड भाजून लाल झालं होतं, ओठ फुटले होते. छातीवरचा रेडिओ, ज्यावरून तो सकाळी बोलला होता, आता मेला होता. ग्लेनिस धावली, घसरली, गुडघ्यांवर आपटत त्याच्यापाशी पोचली. डोळे मिटलेले होते. मग एक डोळा उघडला.

"ग्लेनिस," तो म्हणाला. "तू कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी नाही आले." तिचा आवाज फाटला, तो तिने सावरला. "या पाहुण्यांना रान बघायचं होतं."

"हो का? बरं झालं. बघू दे त्यांना."

पुन्हा तोच मऊ आवाज.

मोगेन्सने उलटलेल्या मोटारसायकलला खांदा लावला, पण तिने त्याला थांबवलं. इथल्या माणसांना एवढं माहीत असतं, की फार वेळ दबलेला पाय आपल्या मनाने सोडवायचा नसतो; एकदम सुटला तर माणूस दगावतो. डॉक्टरांचं विमान बोलवावं लागणार होतं. पाहुण्यांच्या गाडीत रेडिओ होता, पण त्यावरून बोललं की सगळा मुलूख ऐकतो. संध्याकाळपर्यंत शेरिलच्या कानावर जाणारच.

क्लॅरीने तिचा विचार ओळखला. त्याची बोटं तिच्या मनगटावर आली. "बोलावू नकोस, ग्लेनिस. जरा धीर धर. निघेल पाय. प्लीज."

तिने ती बोटं एकेक करून सोडवली. असं वाईट काम तिने आजवर केलं नव्हतं. मग ती बांध चढून पाहुण्यांच्या गाडीपाशी गेली आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं, तिने डॅरिलला सांगितलं की क्लॅरी मोटारसायकलखाली अडकलाय, डॉक्टरांचं विमान बोलाव. डॅरिलने फोन केला आणि निरोप उलट आला: मोटारसायकल उचलू नका, सावली करा, घोटघोट पाणी द्या, आणि त्याला बोलतं ठेवा. झोपू देऊ नका.

बिर्गिट आणि मोगेन्सने चादर धरून सावली केली. ग्लेनिसने त्याचे ओठ ओले केले आणि ती कामाला लागली.

"चांगला पडलास! आंधळ्या मेंढ्यानेसुद्धा हा उतार बघितला असता."

"हो, खरंय."

"आणि तो मिशांचा खराटा कधी उतरवणार? नर्स येणार आहेत, लाज वाटू दे जरा."

"बरं, ग्लेनिस."

तिने त्याच्या मेंढ्यांना नावं ठेवली. त्याच्या बिअर पिण्याला ठेवली. लहानपणी त्याने पळवलेल्या केकचासुद्धा उद्धार केला. प्रत्येक गोष्टीला तो हो म्हणत होता आणि त्याचा हो दर वेळी थोडा लांबून येत होता. तिला रडायला येत होतं. भांड रे, एकदा तरी भांड.

तेवढ्यात मोगेन्सने घसा साफ केला. चादरीचं टोक धरून, घामाने निथळत, तो वाकला आणि वर्गात धडा म्हणावा तसा गंभीरपणे म्हणाला, "क्लॅरीसाहेब, माफ करा, पण तुम्ही अतिशय आळशी म्हातारे बोकड आहात."

क्लॅरीने डोळा उघडून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "थँक्यू," तो म्हणाला. डोळा पुन्हा मिटला.

ग्लेनिसने त्याच्या गालावर चापट्या मारल्या. "थँक्यू म्हणायचं नाही! कुणालाही थँक्यू म्हणायचं नाही, ऐकलंस?" ती आता ओरडतच होती. तिचा हात त्याच्या मानेवर होता. बोटाखालची नाडी फडफडत होती आणि तेवढ्या एका गोष्टीवर ती सगळा वेळ तग धरून राहिली.

शेवटी विमानाचा आवाज आला. घरामागच्या सपाट पट्टीवर ते धूळ उडवत उतरलं. डॉक्टर आणि नर्स धावत आले, सुया टोचल्या गेल्या, पिशव्या टांगल्या गेल्या आणि मग कुठे सगळ्यांनी मिळून मोटारसायकल उचलली. क्लॅरी एकदाच कळवळला. त्यानंतर तो गप्प होता. स्ट्रेचरवर घातलं तेव्हा गप्प, उचलून नेलं तेव्हाही गप्प.

"पाय राहील का?" ग्लेनिसने डॉक्टरला विचारलं.

"आधी माणूस राहू दे," डॉक्टर म्हणाली. "तासभर उशीर झाला असता तर मी रिकामीच परत गेले असते. मुलीला कळवलंय. ती इस्पितळात येतेय."

शेरिल येतेय. म्हणजे रान गेलं. हे क्लॅरीने ऐकलं होतं. त्याने तोंड आभाळाकडे केलं. ग्लेनिस स्ट्रेचरच्या बाजूने चालत राहिली. आता त्याने थँक्यू ग्लेनिस म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं की हा राग कायमचा आहे. भाऊ वाचवला आणि भाऊ गेला.

विमानाच्या दारात स्ट्रेचर थांबलं. क्लॅरीने मान वळवली. फुटलेले ओठ हलले. ती वाकली.

"ताट," तो म्हणाला. "खरंच कुत्र्याला घातलंस का गं, म्हातारे कोंबडे?"

ग्लेनिसने तोंडावर हात दाबला. मग काढला. पाहुण्यांसमोर, डॉक्टरसमोर, गालांवरून पाणी वाहत असताना ती म्हणाली, "घातलं. त्यानेसुद्धा तोंड लावलं नाही."

क्लॅरीचे खांदे हलले. हसणं त्याला दुखत होतं, तरी तो हसत होता. नर्सने दार ओढून घेतलं.

पबात पोचल्यावर ग्लेनिसने आधी भट्टी बंद केली, झाकलेलं ताट बाहेर काढलं आणि मोगेन्सपुढे ठेवलं.

"खा, म्हाताऱ्या बोकडा," ती म्हणाली.