पायांत गेलेली हवा

मी एक जुना, दमलेला कॅलिपर आहे, मित्रांनो. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांच्या गाडीत मी असतो त्यांनीही ते बहुतेक ऐकलेलं नसतं.

गाडीच्या पुढच्या चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की नळीतून तेल माझ्यात येतं आणि मी त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. धरायचं, सोडायचं. आयुष्यभर एवढंच केलं.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. एकाच दिवशी आम्ही दोघं साच्यातून निघालो, मी आणि माझा जुळा भाऊ. मी डाव्या चाकाचा, तो उजव्याचा. आमच्या डोक्यावर एकेक छोटा स्क्रू. तेलात हवा शिरली की ब्रेक पोकळ लागतो, मग स्क्रू सैल करून ती तिथून काढायची. हवा नेहमी वर चढते, म्हणून स्क्रू डोक्यावर.

पहिली नोकरी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. अकरा वर्षं! शिकाऊ माणूस ब्रेक दाबत नाही हो, झुरळ चिरडतो. त्यात शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक, म्हणजे दोन-दोन पाय एकदम आमच्या मानगुटीवर. "काकू, ब्रेक! ब्रेक! तो हॉर्न आहे!" असं सर दिवसातून दहादा ओरडायचे. संध्याकाळी मात्र बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "आज पण वाचवलंस, बाबा." थाप इंजिनाला बसायची, पण शाबासकी कुणाची ते मला कळायचं.

मग गाडी भंगारात गेली. चार-पाच वर्षं आम्ही गंज खात पडलो. कुणी ढुंकून बघेना. एवढी विश्रांती मिळाली, पण थकवा काही गेला नाही. रिकामं पडून राहण्याचाही थकवा येतो, मित्रांनो.

आणि एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. दिवसभर दुकानात लोकांचे कपडे शिवायचे आणि राहिलेल्या वेळात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जोडायचे. घरी गाडी बनवायला सुट्या भागांचा संच विकत मिळतो ना, तसला त्यांनी आणला होता. त्यात सांगाडा होता, पत्रे होते, सीट होत्या. ब्रेक नव्हते. ते ज्याचे त्याने बघायचे.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. ती नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि सवयीने मास्तरसुद्धा! लोक फिदीफिदी हसायचे, यांना पत्ता नसायचा. दोन बस बदलून सिस्टर ड्युटीला जायची, येताना पाय ओढत यायची. मास्तरांनी शब्द दिला होता, "सोमवारपासून तुझी बस बंद. मी सोडणार तुला."

पण घरापासून रस्ता सरळ उताराचा, आणि उताराच्या पायथ्याशी मोठा रस्ता. त्यावर ट्रक सुसाट.

आमची गडबड भंगारातच झाली होती. मास्तरांनी जुन्या गाडीच्या समोर उभं राहून आम्हाला उतरवलं आणि कापडावरच्या खडूने माझ्यावर 'उ' लिहिलं, भावावर 'डा'. गिऱ्हाइकासमोर उभं राहून माप घेताना त्यांचं उजवं-डावं कधी चुकत नाही. पण गाडीला कुठे हात असतात! समोरून बघितलं आणि डावा मी उजवा झालो.

शेडमध्ये त्यांनी माझा गंज घासला, पुसलं गेलेलं 'उ' पुन्हा लिहिलं, आतली रबरी कडी नवी घातली. फार मायेने. आणि मग मला उजव्या चाकाला बसवलं. डावीकडचा कॅलिपर उजवीकडे उलटाच बसतो: डोकं खाली, पाय वर. भावाची तीच गत. माणसाच्या डोक्यात हवा जाते म्हणतात. माझ्या पायांत गेली, आणि जाता जाईना.

तीन दिवस, ड्युटीवरून आल्या आल्या, सिस्टर युनिफॉर्ममध्येच ब्रेकवर पाय ठेवून बसायची. मास्तर चाकापाशी आडवे. माझ्या स्क्रूला नळी, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत.

"दाब."

"दाबलं."

"धर हां."

"धरलंय."

"हं, सोड."

शंभरदा. दोनशेदा. बाटलीत एक बुडबुडा नाही.

"बघ सिस्टर, हवा संपली."

"मग पायाखाली उशी ठेवल्यासारखं का लागतंय?"

रविवारी मास्तरांनी गल्लीत चक्कर मारली. पहिल्या दाबाला पाय थेट तळाला गेला, दुसऱ्या दाबाला आम्ही कशीबशी तबकडी धरली. तोवर गाडी पाण्याच्या पिंपावर आदळली होती.

"दोनदा दाबलं की लागतो की," मास्तर म्हणाले. "होईल सवय."

"सवय? आणि तो ट्रकवाला थांबणार का, तुम्ही दुसऱ्यांदा दाबेपर्यंत?"

"अगं, तीन वर्षं झाली या गाडीला. आता नाही होत माझ्याच्याने. चालतंय तसं चालू दे."

खरं सांगू, मित्रांनो? मलाही तसंच वाटलं. दोनशेदा दाबून घेतल्यावर 'चालतंय' हा शब्द फार गोड लागतो. आणि नसता वाटला गोड, तरी मी बोलणार कुठल्या तोंडाने?

सिस्टर खाली उतरली आणि पाय चेपत माझ्यासमोरच फतकल मारून बसली. नळीकडे बघत राहिली.

"अहो, हवा कुठून काढताय?"

"त्या खालच्या स्क्रूतून."

"खालच्या?" ती हसली, पण दमलेलं हसली. "मी दिवसाला चाळीस इंजेक्शनं भरते. सुई वर धरते, टिचकी मारते, हवा वर आली की मग दाबते. सुई खाली धरून दाबलं तर औषध सांडतं, हवा तिथेच. मास्तर, तीन दिवस तुम्ही औषध सांडताय."

मास्तर वाकून माझ्यावरच्या 'उ'कडे बघत होते. मग गाडीसमोर जाऊन उभे राहिले, पाठ फिरवली, उजवा हात वर केला, डावा केला, आणि कपाळावर मारून घेतला.

"बरं झालं हो," सिस्टर म्हणाली, "नाहीतर उद्या कुणाला दोन्ही डाव्या बाह्या शिवून दिल्या असत्या."

आमची अदलाबदल झाली. डोकं वर आलं. स्क्रू सैल केला मात्र, फुर्र करून सगळी हवा बाटलीत. भावाचीही तशीच निघाली.

"कसं लागतंय?"

"दगडासारखं."

मास्तर पुरते थकले होते, तरी सिस्टरने त्यांना गल्लीत आणखी दहा चकरा मारायला लावल्या. दहाही वेळा एका दाबात गाडी उभी.

सोमवारी सकाळी आम्ही उताराला लागलो. खाली ट्रक दिसले. मास्तरांनी एकदाच पाय दाबला. मी धरलं, भावाने धरलं, आणि मोठ्या रस्त्याच्या बरंच अलीकडे गाडी शांत थांबली. समोरून एक ट्रक धडधडत गेला. शाबासकीच्या आशेने मास्तरांनी शेजारी बघितलं.

सिस्टर झोपली होती. मान खांद्यावर, तोंड थोडं उघडं.

ट्रक लांब गेल्यावर मास्तरांनी इतक्या हळू पाय उचलला की मलाही कळलं नाही कधी सोडलं ते.

मित्रांनो, मी अजून दमलेलाच आहे. माझं तेल वेळेवर बदला, एवढंच मागणं. आणि तुमच्या सायकलचा ब्रेक पहिल्या दाबात लागत नसेल, तर 'चालतंय' म्हणू नका. मागे बसलेलं कुणीतरी तुमच्या भरवशावर डुलकी घेत असतं.