टोकदार कंसातले शब्द

दवाखान्यातल्या टीव्हीपुढे सकाळी आठलाच गर्दी व्हायची. मोठे डॉक्टर जाऊन महिना झाला होता, तरी टीव्हीवर दिसणाऱ्या दवाखान्याच्या वेबसाइटवर, त्यांच्या फोटोखाली, रोज त्यांची नवी ओळ उमटत होती. "मी नसलो तरी फिरायला जा," अशी ओळ आली त्या दिवशी तर कित्येकांचे डोळे भरून आले. काउंटरवरचे अण्णा हात जोडून सांगायचे, देह गेला, पण डॉक्टर तारेतून बोलतात. शंका घेईल त्याचा आजार बळावेल. शंका घेणाऱ्याचा नंबरही मागे जातो, हे लोकांनी ओळखलं होतं.

ती वेबसाइट माझ्या हातची. ओळ कुठून येते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, डॉक्टरांनी यांच्या हातून वाट करून घेतली. लोक उठून मला खुर्ची द्यायचे. मी बसायचो.

एका सोमवारी ओळ आली, "बरं वाटू लागलं की गोळ्या बंद करा." माझ्या आत्याला बरंच वाटत होतं. तिने रक्तदाबाची गोळी सोडली. तसं फोनवर सांगितलंही. मी हसून विषय बदलला. दहाव्या दिवशी तिच्या हातून कप पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

तिला दाखल केल्यावर दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला गाठलं. "डॉक्टर असं लिहिणार नाहीत. ही ओळ येते कुठून, दाखव."

मी दाखवलं. वेबसाइटचं पान एकसंध दिसतं, पण सर्व्हर ते वेगवेगळ्या फाइली जोडून तयार करतो. तळाशी मी डॉक्टरांची साध्या मजकुराची फाइल जोडली होती. तिच्यात त्यांनी वर्षभराच्या ओळी तारखेनिशी आधीच लिहून ठेवल्या होत्या. फिरायला जाण्याची ओळ त्यांनी स्वतःच्या सुट्टीसाठी लिहिली होती.

सोमवारच्या ओळीपुढे < > अशा टोकदार कंसात, इंग्रजी अक्षरांत, आणखी शब्द होते: रक्तदाब आणि साखरेच्या सोडून.

"मग हे टीव्हीवर का नाही आलं?"

साधा मजकूर वेबच्या पानात घेताना त्यातली चिन्हं आधी बदलून घ्यावी लागतात. मी तो तसाच ओतला होता. टोकदार कंसातले शब्द ब्राउझरने पानाच्या रचनेची खूण समजून गिळून टाकले. दुरुस्ती कोडच्या एका ओळीची होती.

दुसऱ्या दिवशी मी गर्दीसमोर तीच फाइल उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं, "अण्णांनी रांग नंबराप्रमाणे लावावी." क्षणात ते डॉक्टरांच्या फोटोखाली उमटलं. कुणी हसलं नाही. अण्णा रजिस्टरात डोकं घालून बसले.

आत्या आता अडखळत बोलते. तिने एकच विचारलं, "तुला... ठाऊक होतं?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणून सांगतो. पडद्यावर काहीही उमटू दे, आधी विचारा: हे कुणी लिहिलं, कुठून आलं, वाटेत काय गळलं? आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याला गप्प बसू देऊ नका. मी गप्प बसलो होतो.