रिकाम्या जागा भरा

ठकीच्या साहेबांना रिकामी जागा बघवत नसे. टेबलावरच्या दोन फायलींमध्ये बोटभर फट दिसली तरी ते तिथे एखादं पेन आडवं ठेवून देत. असला माणूस नेमका आलेखांच्या धंद्यात पडला, याला काय म्हणावं!

कंपनी लहानशी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती सेन्सर बसवून देई. एक दाराला, एक पलंगाखाली, एक स्वयंपाकघरात, एक चहाच्या विजेवरच्या किटलीला. घरातला एक पांढरा डबा या सगळ्यांचं म्हणणं गोळा करी आणि दूर कुठेतरी क्लाउडवरच्या डेटाबेसला कळवी. त्या डेटाबेसचा सगळा जीव वेळेत होता. अमुक घर, अमुक खोली, अमुक घडलं, अमुक वेळेला, अशी एकेक ओळ त्यात जाऊन बसे. त्याच जागेची, त्याच वेळेची दुसरी ओळ आली की पहिली गुपचूप पुसली जाई. महिन्याहून जुनं सगळं आपोआप उडून जाई. खरं-खोटं त्याला कळत नसे. लिहाल ते ठेवून घेई, आणि त्याचाच आलेख घरच्यांना मोबाइलवर दिसे. त्यात लिहिणारा कोड सगळा ठकीचा होता, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

अडचण एकच होती. एखाद्या घरातलं इंटरनेट गेलं की आलेखात भोक पडे, आणि भोक पडलं की कुणाचा तरी मुलगा नाहीतर जावई फोन करून ओरडे, "आमचे बाबा दिसत नाहीयेत!" साहेब म्हणाले, "भोकं बुजवून टाक." ठकीने तसा कोड लिहिला. जिथे नोंद नसेल तिथे मागच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला जे घडलं होतं तेच पुन्हा लिहायचं. अशा ओळींना तिने 'भरलेली' अशी खूण लावली होती. आलेखात त्या पिवळ्या दिसत. मग लोक विचारू लागले, "आमचे बाबा पिवळे का पडलेत?" साहेबांनी खूण काढून टाकायला सांगितली. ठकी थोडी भांडली आणि मग तिने ती काढली. भोक असून असून किती असणार, तासा-दोन तासांचं, असं तिला वाटलं.

या घरांमधलं एक घर मावशीचं होतं.

ठकीची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं ते मावशीने. मावशीने लग्न केलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिचा जन्म गेला. बोटाखाली ओळ धरून ती एकेक अक्षर वाचायची, आणि हाताखालच्या पोरींना दम द्यायची, "छापलंय ते वाचायचं. मनाला वाटतं ते वाचायचं नाही." नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. हल्ली ती विसरू लागली होती. आधी चष्मा, मग किल्ली, मग शेजारणीचं नाव. ठकीने घरात सेन्सर बसवले तेव्हा मावशी म्हणाली, "माझ्यावर पाळत ठेवतेस ना? मग ती मलाही दिसली पाहिजे." म्हणून ठकीने एक जुना टॅब पलंगासमोरच्या भिंतीला टांगून दिला. त्यावर मोठ्या अक्षरांत ओळी येत. उठल्या. चहा झाला. जेवण झालं. दार उघडलं. मावशी त्या बोट धरून वाचायची आणि खूश व्हायची.

आधी ठकी दर रविवारी मावशीकडे जायची. मग कामं वाढली. आलेख तर रोज समोर होता, मावशी वेळेवर उठत होती, वेळेवर जेवत होती, आणि रविवारी झोप काढावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. एक रविवार गेला, मग दुसरा, मग तिने मोजणं सोडून दिलं. संध्याकाळी फोन मात्र असायचा.

"जेवलीस का गं?"

"साडेबाराला जेवले की. तुला दिसतंय ना?"

दिसत असायचं. साडेबारा म्हणजे साडेबारा. मावशीची आठवण सुधारतेय, असं ठकी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली होती.

एका बुधवारी सकाळी ऑफिसात गुरुजी जांभया देत आला. गुरुजी म्हणजे तिच्या शेजारी बसणारा सर्व्हरवाला. विचारा अथवा विचारू नका, समजावून सांगायचा, म्हणून गुरुजी. त्याच्या सासऱ्यांचं घर मावशीच्याच गल्लीत होतं.

"काल सासऱ्यांकडे दिवसभर वीज नव्हती," तो म्हणाला. "पंखा नाही, पाणी नाही, वर त्यांची बडबड. वैताग नुसता."

ठकीने सहज मावशीचा कालचा आलेख उघडला. सकाळी किटली लागली होती. दुपारी पुन्हा लागली होती.

'माझ्या कोडने भरलं असणार,' तिच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. किती बेमालूम भरलंय! मिरवायला म्हणून तिने मागच्या मंगळवारची रेघ त्यावर ठेवली. दोन्ही एकावर एक बसल्या. त्या बसणारच होत्या. मग तिने त्याच्याही मागचा मंगळवार ठेवला, आणि त्याच्या मागचा. पडद्यावर चार दिवस होते आणि रेघ एकच दिसत होती. कुठलाही माणूस चार मंगळवार सेकंदाच्या काट्यावर चहा करत नाही, आणि मावशी तर मुळीच नाही.

तिने रविवार उघडला. रविवारी अकराच्या सुमारास दार उघडल्याची नोंद होती. स्वयंपाकघरात दोघींची ये-जा होती. त्याच्या आधीच्या रविवारीही होती, त्याच्याही आधीच्या. दर रविवारी ठकी मावशीकडे जाऊन आली होती. आणि ठकी घरी झोपलेली होती.

कोड स्वतःच भरलेल्या ओळी दुसऱ्या आठवड्यात खऱ्या समजून पुन्हा उचलत होता. खूण असती तर थांबला असता. खरी शेवटची ओळ कधीची, हे शोधायला ती मागे मागे गेली, पण महिन्यापलीकडे काहीच नव्हतं. उडून गेलं होतं. मावशी शेवटची खरी कधी उठली, हे सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

"पण काल संध्याकाळी बोललीस ना तिच्याशी?" गुरुजी म्हणाला. "मग आहेत की त्या. घाबरतेस कशाला?"

बोलली होती खरं. साडेबाराला जेवले, असं मावशी म्हणाली होती. ठकीने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि ती पळत सुटली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. दाराची एक किल्ली तिच्याकडे होती. आत शिळा, कोंदट वास होता. स्वयंपाकघरात पाव बुरशीने हिरवा झाला होता, दुधाची पिशवी फुगली होती, आणि ओट्यावर बिस्किटांचे रिकामे पुडे नीट घडी घालून ठेवले होते. किटलीला कोळ्याने जाळं केलं होतं. पांढऱ्या डब्याचा प्लग जमिनीवर पडला होता. त्याच्या जागी भिंतीत टॅबचा चार्जर लागला होता. मावशीला टॅब बंद पडलेला चालला नसणार, आणि टॅबला सगळं पुरवणारा डबा तिने त्यासाठी उपटून टाकला होता.

मावशी पलंगावर उताणी पडली होती. डोळे टक्क उघडे होते. चादरीखाली माणूस आहे की नुसत्या सुरकुत्या, ते कळू नये इतकी ती वाळली होती.

"मावशी!"

"हळू," मावशी म्हणाली. मान वळली नाही. "झोपलेय मी."

समोर टॅबवर लिहिलेलं होतं, झोपल्या आहेत. त्याच्या वर, जेवण झालं.

"अगं काय हे! कधीची जेवली नाहीयेस तू? मी आलेय बघ, ठकी."

मावशीने बोट उचललं आणि हवेत एकेक ओळ धरून वाचली. "दार उघडल्याचं नाहीये," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मला वाटतं असं दुपारचं कधी कधी, कुणी आलंय म्हणून. पोटातही काहीतरी वाटतं, कुरतडल्यासारखं. पण तसं लिहिलेलं नाही ना. मनाला वाटतं ते धरून बसायचं नाही."

"अगं पण मी खरंच आलेय!"

"ठकी रविवारी येते," मावशी म्हणाली. "ते येतं लिहून. तेव्हा मी त्या खुर्चीकडे बघून बोलत बसते. पूर्वी उत्तरं द्यायची. हल्ली नुसती बसते बाई."

ठकीने तिचा हात धरला. हात थंडगार होता. मावशीने तो सोडवून घेतला नाही, की दाबलाही नाही. अंगावर पडलेल्या उन्हाची आपण दखल घेत नाही, तसा तो ठकीच्या हातात पडून राहिला. ठकीला रडू फुटलं. ती मोठ्याने रडली, पलंगाच्या कडेला कपाळ टेकून, आणि मावशी छताकडे बघत शांत पडून राहिली.

मग तिने डोळे पुसले. घरात अंडी नव्हती, भाजी नव्हती. एका डब्यात तांदूळ होते. तिने ते भरपूर पाणी घालून शिजवायला ठेवले आणि डॉक्टरांना फोन केला. ते तासाभरात येतो म्हणाले. तोवर थोडं थोडं पातळ पोटात जाऊ द्या, एकदम भरपूर मुळीच देऊ नका, फार दिवसांच्या उपाशी जिवाला ते बाधतं, असंही त्यांनी बजावलं. ठकी वाटी घेऊन आली. मावशीने ओठ घट्ट मिटले. एकावर एक दोन जेवणं करणारी बाई ती नव्हती.

ठकीने टॅब भिंतीवरून काढायला हात घातला, तशी मावशी किंचाळली. ठकीने या बाईला आयुष्यात किंचाळताना ऐकलं नव्हतं. तिने हात मागे घेतला.

आता दुसरा मार्ग नव्हता. तिने लॅपटॉप उघडला आणि गुरुजीला फोन लावला. "भरणारा कोड बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"एकट्या मावशींचा होत नाही. सगळ्या घरांचा होतो, तूच तसा लिहिलायस. साहेबांना विचारून..."

"बंद कर म्हणते ना!"

तिकडे बटणं वाजली.

"ठकी," गुरुजी म्हणाला. आवाज ओळखू येईना. "अर्ध्या घरांचा पडदा पांढरा झाला गं."

"माणसं पाठव त्या सगळ्या घरांत. साहेबांनाही गाडीत घाल. जा." तिने फोन ठेवला. त्या घरांचा विचार करायला तिच्यात आत्ता जागा नव्हती.

मावशीच्या घराच्या आजच्या सगळ्या ओळी तिने पुसून टाकल्या. टॅबवर जेवण गेलं, झोप गेली, सकाळचा चहा गेला. 'आज नोंद नाही' एवढंच उरलं.

मावशी धडपडत उठून बसली. तिने उशीखाली हात घातला, चादर उचलून बघितली. "मी कुठे गेले?" ती म्हणाली. "अहो, कुणी आहे का? मी दिसत नाहीये." तिचे डोळे ठकीवरून फिरले आणि न थांबता पुढे गेले.

ठकीने डब्याचा प्लग लावला होता, पण त्याला जाग यायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ ती थांबू शकली नाही. तिने स्वतःच ओळ लिहिली. घर मावशीचं, जागा दार, वेळ आत्ताची. पाठव.

मावशीने बोट टेकवून वाचलं. "दार उघडलं."

आणि मान वळवून तिने पहिल्यांदा ठकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आलीस होय गं! आज कशी काय, मधल्या वारी? आणि केवढी वाळलीस! त्या ऑफिसात खायला देतात की नाही?"

"मावशी, जेवायचं राहिलंय तुझं."

मावशीने टॅबकडे नजर टाकली. "अगंबाई, खरंच की. आण, आण."

ती जेवली. आधी ठकीने भरवलं, मग तिने चमचा हिसकावूनच घेतला. पेज हनुवटीवरून ओघळत होती आणि ती छापखान्यातल्या कुणा मालकिणीची नक्कल करून हसत होती. ठकीही हसली. वाटी संपली. मावशीने टॅबकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली. ठकीने अर्धीच वाढली. तीही संपली. मावशीने पुन्हा पाहिलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.

"पुरे आता, मावशी. डॉक्टर नको म्हणालेत. रात्री देते परत."

"अजून व्हायचंय माझं," मावशी म्हणाली, आणि पातेलंच ओढून घेतलं. ठकीने ते धरलं, तर त्या काडीसारख्या हातांत कुठून जोर आला कोण जाणे, ते सुटेना. मावशी डाव घालून खात राहिली. घास घशाशी अडकत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दर घासाला ती वर बघत होती.

"मावशी, थांब. मावशी, माझं ऐक!"

मावशी थांबली नाही. ठकीने लॅपटॉप मांडीवर ओढला. घर, स्वयंपाकघर, आत्ताची वेळ. तिचं बोट पाठवायच्या बटणावर क्षणभर अडलं, कारण आता रोज हे कोण लिहिणार, ते तिला कळलं होतं. मग तिने पाठवलं.

मावशीने तोंडाशी नेलेला भरला डाव होता तसा पातेल्यात परत ठेवला आणि पदराने ओठ टिपले.

"झालं बाई," ती म्हणाली. "पोट भरलं."