कोकिळाबाईंनी लिहिलेलं 'ठीक'

बुलढाण्याचं दहा दिवसांचं शिबिर आटोपून कोकिळाबाई गावी परतल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक पितळी घंटी आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा होता. जळगाव जामोदपासून सात मैलांवरच्या त्या गावात त्यांची बालवाडी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. मूल कधी चालायला हवं, कधी बोलायला हवं, हे शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. मुलाच्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवायची. वळलं तर ठीक, नाही तर बुलढाण्याला पाठवायचं. "तुमच्याइतकं लवकर हे कुणाच्याच लक्षात येणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. कोकिळाबाईंना त्याचा मोठा अभिमान वाटला होता.

पहिल्याच आठवड्यात पंजाबरावांची धाकटी सापडली. तीनदा घंटी वाजली, तरी पोरगी मातीत रेघोट्या ओढत राहिली. मुलांना न्यायला आलेल्या बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखतच कोकिळाबाई पोरीला न्यायला आलेल्या पंजाबरावांना म्हणाल्या, "पंजाबभाऊ, पोरीले ऐकू येत नाही. बुलढाण्याले न्या."

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. थोरलीचं मलकापूरला लग्न ठरलं होतं, ते पंधरा दिवसांत मोडलं. 'घराण्यातच खोट आहे,' असा निरोप आला. धाकटीला बुलढाण्याला कुणी नेलं नाहीच, वर बालवाडीतूनही काढलं. पंजाबरावांची बायको तानाबाई विहिरीवर भेटली, तेव्हा घागर खाली ठेवून म्हणाली, "बाई, एका पोरीचं सांगतलं, अन् दोन बुडवल्या तुमी माह्या."

त्यानंतर महिनाभरानं विमलबाईचा सहदेव समोर बसला. साडेतीन वर्षांचा, टपोऱ्या डोळ्यांचा. घंटी वाजली. तो वळला नाही. कोकिळाबाईंनी ती आणखी जोरात वाजवली. नाही. त्या समोर आल्या, तसा तो त्यांच्याकडे बघून गोड हसला. दारात चार बायका कान देऊन उभ्या होत्या.

"काय निघालं बाई?" विमलबाईनं विचारलं.

"ठीक आहे," कोकिळाबाई म्हणाल्या आणि तेच लिहिलं. काही मुलं उशिराच बोलतात, पुढच्या खेपेला नीट पाहू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढच्या खेपेला त्यांनी त्याला समोर बसवलंच नाही.

दोन वर्षांनी पहिलीच्या मास्तरांनी सहदेवला घरी धाडलं. पोरगा सांगितलेलं करत नाही, मुद्दाम गप्प राहतो, म्हणून त्यांनी त्याला छड्याही मारल्या होत्या. विमलबाई त्याला घेऊन एकटीच बुलढाण्याला गेली. परत आली ती सरळ बालवाडीत. मुलं घरी गेली होती.

"डाक्टर म्हणे, जन्मापासूनच बहिरा आहे. म्हणे, दोन-तीन वर्षं आधी आणला असता तं बोलाले शिकवता आलं असतं. आता लई कठीण." तिनं सहदेवला पुढे केलं. "तुमी तं त्याले तपासलं होतं ना बाई?"

"हो."

"मंग तवा त्याले ऐकू येत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. नंतर ताप आला असेल, कान फुटला असेल, काहीही म्हणता आलं असतं.

"नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. "तो वळला नव्हता. मी भ्याले, विमलबाई. पंजाबभाऊंच्या पोरीचं झालं, त्यानं भ्याले."

सहदेव विमलबाईच्या पदराशी खेळत होता. त्याच्या तळहातावरचे वळ अजून दिसत होते.

"मले एकटीले सांगतलं असतं," ती म्हणाली. "म्या कोणापाशी बोलली नसती."

पोराला कडेवर घेऊन ती निघून गेली. पुन्हा ती कोकिळाबाईंशी कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोकिळाबाईंनी सगळी मुलं नव्यानं तपासली. बालवाडी सुटल्यावर त्या घरोघर जात, आईला बाजूला घेत आणि हळू आवाजात सांगत. ऐकू न येणाऱ्या आणखी दोन मुली निघाल्या. एकीला आईनं बुलढाण्याला नेलं. दुसरीच्या आईनं ऐकून घेतलं, चहा दिला आणि नेलं नाही.