सहा मार्गिका, बाराशे माणसे

तिने अडसराची निळी पट्टी खटक्यातून सोडवली आणि सहाशे माणसे एकदम हलली. पेट्यांची चाके नव्या फरशीवर घरघरली, दोन मुले ओरडत पुढे धावली, आणि कोऱ्या रंगाच्या वासाने भरलेले ते दालन पहिल्यांदाच माणसांच्या आवाजाने घुमले. त्यांपैकी कुणालाही कुठेच जायचे नव्हते. विमानतळाच्या नव्या इमारतीची ही रंगीत तालीम होती. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक आणि शेजारीपाजारी प्रवासी झाले होते, आणि प्रत्येकाच्या हाती एकेक चिठ्ठी होती : तुमच्या पिशवीत कात्री आहे; तुमचा पाय दुखतो; तुम्हाला उशीर झाला आहे.

दालनाची आखणी तिची. सहकारी तिला पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. सुरक्षाप्रमुख तेवढे तोंडावर म्हणत. गेली तीन वर्षे त्या दोघांचा एकच वाद चालला होता. सुरक्षाप्रमुखांना तपासणीच्या आठ मार्गिका, म्हणजे आठ यंत्रे हवी होती. तिचे म्हणणे, सहा पुरेत. माणूस यंत्रापाशी अडत नाही, तो पट्टा काढताना अडतो आणि पुन्हा बांधताना अडतो, तेव्हा यंत्राच्या अलीकडे-पलीकडे लांब मेजे द्या, ऐसपैस जागा द्या. आज त्याचा निकाल होता. सहा मार्गिकांतून तासाभरात बाराशे माणसे पार झाली, तर इमारतीला जशी आहे तशी परवानगी मिळणार होती. न झाली, तर तिची मेजे कापून तिथे आणखी दोन यंत्रे बसणार होती आणि त्या प्रशस्त दालनाचा बोळ होणार होता.

“सुरू झालं बरं का, मोजपट्टी,” सुरक्षाप्रमुख म्हणाले. “आता देव पाण्यात घाला.”

“तुम्ही घाला. माझा भरवसा गणितावर आहे.”

परवाना अधिकारी काचेपलीकडे उभ्या होत्या. मार्गिकेतून माणूस बाहेर पडला की त्यांच्या पुढ्यातल्या फलकावर आकडा बदलत होता. ती वहीत दर पाच मिनिटांनी नोंद करीत होती खरी. पण ओठांवरचे हसू तिला आवरत नव्हते. कागदावर तिने ठिपक्यांनी काढलेली माणसे आज घामेजलेली, गोंधळलेली, एकमेकांवर करवादणारी अशी समोर चालत होती!

तिसऱ्या मार्गिकेत तिचे मामा उभे होते. त्यांच्या वाट्याला उशिराची चिठ्ठी आली होती आणि ते जीव तोडून अभिनय करीत होते.

“अहो, सोडा हो पुढे! माझं विमान सुटतंय!”

“एवढं कशाला ओरडायचं?” मागून मामी म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईंकडे वळून, “नाटक वाटेल तुम्हाला. पण भाजीला निघतानासुद्धा यांचं असंच असतं.”

रांगेत हशा पिकला. मामांच्या खिशातून किल्ल्या निघाल्या, मग सुटे पैसे, मग चष्म्याचे घर. धातू हुडकणारी चौकट तीनदा वाजली.

अर्ध्या तासाला फलकावर पाचशे एकसष्ट आले. हवे होते सहाशे. सुरक्षाप्रमुखांनी मिशी चाचपली.

आणि मग आकडा धावू लागला. पाच मिनिटांत एकशे चौदा. पुढच्या पाचात एकशे सोळा. ट्रे झरझर सरकत होते, चौकटी गप्प होत्या. काचेपलीकडे परवाना अधिकारी कौतुकाने मान डोलवीत होत्या. पन्नासाव्या मिनिटाला सुरक्षाप्रमुखच म्हणाले, “मानलं बुवा तुम्हाला.” तीन वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकले, आणि शाळकरी मुलीसारखी तिला उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात मामा पुन्हा चौकटीतून बाहेर आले, एका दमात, चौकट न वाजवता.

“बघितलंस का गं? किल्ल्या, चष्मा, सगळं आधीच पिशवीत! दुसऱ्या फेरीला शहाणा झालो मी!”

ती हसली, आणि हसताहसताच थांबली.

माणसे सहाशेच होती. बाराशेचा आकडा भरावा म्हणून बाहेर पडलेल्यांना पुन्हा रांगेच्या टोकाला उभे करायचे, ही व्यवस्था तिनेच, स्वतःच्या हाताने लिहून दिली होती.

तास संपला तेव्हा फलकावर बाराशे एक्कावन्न होते. टाळ्या वाजल्या. परवाना अधिकाऱ्यांनी लेखणीचे टोपण काढले.

“थांबा,” ती म्हणाली. “दुसरा अर्धा तास धरू नका. ती माणसं प्रवासी नव्हती, तरबेज झालेली होती. खरा आकडा पाचशे एकसष्टची दुप्पट. अकराशे बावीस.”

“नियमात तासाला बाराशे माणसं असं आहे,” अधिकारी म्हणाल्या. “ती वेगवेगळी असावीत, असं कुठंही लिहिलेलं नाही.”

“लिहायला हवं होतं.”

“अहो बाई,” सुरक्षाप्रमुख तिच्या कानाशी येऊन पुटपुटले, “जिंकलेला डाव कुणी आपल्या हातानं उधळतं का?”

“जिंकलेला नाहीये, म्हणून तर.”

अधिकाऱ्यांनी टोपण पुन्हा बसवले. ती वहीकडे पाहत राहिली. आपण काय केले ते तिला नीट कळत होते. सुरक्षाप्रमुखांचा विजय झाला होता. परंतु त्यांना तो साजरा करावासा वाटेना. ते तिच्या खांद्यावरून वहीत डोकावले.

“हे नुसत्या किल्ल्यांचं काम नव्हे,” ते म्हणाले. “अर्ध्या तासात सव्वाशे माणसांचा फरक! दुसरंही काहीतरी बदललंय.”

ती ताडकन उठली आणि मामांना शोधून, दंड धरून तिसऱ्या मार्गिकेच्या शेवटी घेऊन आली.

“मामा, पहिल्या फेरीत सामान उचलल्यावर कुठे उभे राहिलात?”

“इथंच. तुझी मामी मागं अडकली होती ना. तिला टाकून जाऊ?”

“आणि दुसऱ्या फेरीत?”

“दुसऱ्या फेरीत ठरवूनच टाकलं, त्या खांबापाशी भेटायचं. शेजारचेही तिथंच आले.”

ती आणि सुरक्षाप्रमुख एकाच वेळी खांबाकडे वळले. मेजाची लांबी, ट्रेची रुंदी, कोपराला लागणारी जागा, सारे काही तिने मोजले होते. मागे राहिलेल्या माणसासाठी पुढचा माणूस थांबतो, आणि नेमका मार्गिकेच्या बाहेर पडायच्या तोंडाशी थांबतो, हे तेवढे मोजायचे राहून गेले होते.

“दुपारी सामानाच्या पट्ट्याची चाचणी आहे,” सुरक्षाप्रमुख घाईने म्हणाले. “सहाशे नवी माणसं येतायत. कोरी करकरीत!”

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. अर्धा तास देईन म्हणाल्या, वर एक मिनिटही नाही.

मग जी धावपळ उडाली ती त्या इमारतीने पुन्हा पाहिली नसेल. प्रतीक्षालयातले दोन बाक त्यांनी ओढत आणले. सुरक्षाप्रमुख एका टोकाला, ती दुसऱ्या.

“उचला, उचला! फरशीला ओरखडा पडेल.”

“पडू द्या हो, फरशी तुमचीच आहे!”

बाक खांबाला टेकवले, मार्गिकेतून समोरच दिसतील असे. पुठ्ठ्यावर सुरक्षाप्रमुखांनी ठसठशीत अक्षरांत लिहिले : आपल्या माणसाची वाट इथे पाहावी.

दुपारी नवी सहाशे माणसे आली. त्यांनी चौकटी वाजवल्या, पट्टे विसरले, पिशव्या उलट्या केल्या. आणि सामान उचलून मान वर केली की पुठ्ठा वाचून खांबाकडे चालू लागली. आकडा कधी पुढे, कधी मागे पडत होता. तिने वही केव्हाच मिटली होती. सत्ताविसाव्या मिनिटाला एक म्हातारी मार्गिकेच्या अगदी तोंडाशी थबकली आणि मागे वळून नवऱ्याला शोधू लागली. शिपाई तिला सरकवायला पुढे झाला. तिने मिटलेली वही त्याच्यासमोर आडवी धरली.

“राहू द्या. खरी प्रवासी आहे ती.”

दहा सेकंद गेले, पंधरा गेले. आजोबा आले, आजीने त्यांची कॉलर नीट केली, मग दोघे सावकाश खांबाकडे गेले.

वेळ संपली. फलकावर पाचशे शहाण्णव होते.

“चार कमी,” अधिकारी म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना जड गेले. “एवढी तूट असेल, तर सुरक्षाप्रमुखांनी लेखी हमी दिल्याखेरीज मला परवानगी देता येत नाही.”

तिने मान हलवली. हमी मागायला ती वळली नाही. ज्याने तीन वर्षे आठचा आग्रह धरला, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

सुरक्षाप्रमुख मार्गिकांच्या तोंडाशी उभे होते. तिथली फरशी रिकामी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मला आठ यंत्रं कशाला हवी होती ठाऊक आहे?” ते म्हणाले. “इथं गर्दी तुंबते. एखाद्या दिवशी चेंगराचेंगरी होईल, ही धास्ती होती.” त्यांनी हात पुढे केला. “आणा तो कागद.”

त्यांनी उभ्याउभ्या सही केली. तिने कागद हाती घेतला, सवयीप्रमाणे आकडा दोनदा वाचला : सहा. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने मान फिरवून खांबाकडे पाहिले. तिथे माणसे दाटीवाटीने उभी होती.

“बाक कमी पडतायत,” ती म्हणाली. “चार लागतील.”

“तीन.”

“चार.”

“तिनात भागेल. तुम्हाला गर्दीतलं काय कळतं?”

“चला, मोजू या,” ती म्हणाली आणि चालूही लागली.