आईपेक्षा महाग वासरू

विषय : गुरांच्या बाजारात नर आणि मादी यांच्या किमतीत पडणारा फरक.
संदर्भ : मी स्वतः.

मी एक बैल बोलतोय. माझा जन्म १९५७ सालचा, जयपुरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणातला. मालक श्रीपादराव, नागपूरहून बदलून आलेले कारकून. त्यांना पुढच्या दुधासाठी कालवड हवी होती. मला पाहून "गोऱ्हा झाला," एवढंच म्हणाले, बढती दुसऱ्याला मिळाल्यासारखं.

शेजारचा गाडीवान रामकरण मात्र खूश. "बाबूजी, बछड़ा हुआ है, मिठाई खिलाओ!"

नांगर, मोट, गाडी सगळं बैलाच्या मानेवर, म्हणून बाजारात गोऱ्ह्याला भाव. म्हशींत उलटं. पलीकडच्या म्हशीला रेडा झाला, तो कोणी फुकटही नेईना.

मालकीणबाई सुमनताईंना बाजारभावाशी देणंघेणं नव्हतं. पहिली पोळी माझी, थंडीत त्यांची जुनी शाल माझ्या पाठीवर. आईला टेकून मी ऊन खात बसायचो. तसलं ऊन पुन्हा मिळालं नाही.

१९५९ साली नागपूरला बदली झाली. घरच्या सामानाबरोबर एक गाय वासरासह सरकारी खर्चाने नेता येई. अर्जात किमतीचा रकाना होता. श्रीपादराव खरा भाव विचारायला बाजारात गेले. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलालाने गमछ्याखाली त्यांची बोटं दाबली, रामकरणने अर्थ सांगितला.

"गाय ऐंशी, वासरू एकशे साठ," घरी येऊन ते लिहू लागले.

"अहो, त्याची किंमत कशाला? नुसतं 'वासरू' लिहा ना!" सुमनताई म्हणाल्या.

"रकाना कोरा ठेवला तर अर्ज परत येतो."

अर्ज परत आला नाही. शेरा आला : आईहून दुप्पट किमतीचे जनावर हे वासरू नसून व्यापारी माल होय, परवानगी गायीपुरतीच.

पदरच्या पैशाने मला नेणं परवडेना. सुमनताई रामकरणला म्हणाल्या, "भैया, विकू नका हं. मंजुरी आली की नेतो." आई वळणापर्यंत मागे बघत गेली.

रामकरणने शब्द पाळला. सांगानेरहून त्याच्या गाडीत मी छापील कापड ओढतो. नागपूरचं पोस्टकार्ड आलं की ते वाचून घेऊन तो मला सांगतो. गेल्या दिवाळीच्या कार्डात होतं, आई गेली.

त्या कचेरीत कोणाची ओळख असेल, तर शेऱ्यात एवढी दुरुस्ती करून घ्या : मी वासरूच होतो.

श्रीपादरावांनी १९५९ सालीच फेरविचाराचा अर्ज केला आहे. आज १९६८ साल. अर्ज विचाराधीन आहे.